कडू मलम

१

निवृत्त माणसानं वेळ कसा घालवावा, याबद्दल निवृत्त न झालेल्यांना फार कल्पना सुचतात. भाऊसाहेबांना कुणी बागकाम सुचवलं, कुणी सकाळचं चालणं. धाकट्या भावानं तर मौन सुचवलं. बायकोनं काहीच सुचवलं नाही. ती एका सकाळी बाहेर पडली आणि भोकं पाडलेली दोन खोकी घेऊन परत आली. खोक्यांत वीस लाव्हे होते.

"हे काय?"

"पाखरं. तुमच्यासाठी."

"मी कधी मागितली?"

"काही गोष्टी मागायची वेळ येऊ देऊ नये," ती म्हणाली आणि खोकी मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

बायको एरवी अशी कोड्यात बोलणारी नव्हती. भाजीत मीठ कमी असेल तर कमी आहे म्हणायची. पण भाऊसाहेबांनी विचारलं नाही. अडतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला वरून आलेल्या कागदाचं कारण विचारायची सवय नसते. कचेरीत सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत; कचेरी सुटली, हाक तेवढी बरोबर घरी आली.

मागच्या खोलीत एक लोखंडी रॅक होता. कचेरीनं जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा तो त्यांनी आणला होता. ज्याच्यासमोर उभं राहून जन्मभर फायली कोंबल्या, त्याला भंगारात जाऊ देणं जिवावर आलं. सहा मजले, प्रत्येकात चार कप्पे, आणि प्रत्येक मजल्यावर त्यांच्याच अक्षरातली पट्टी: आवक, जावक, तपासणी, निकाली, किरकोळ आणि सगळ्यात खाली प्रलंबित. वरच्या पाच मजल्यांचे मधले पत्रे काढले, पुढून जाळी बसवली, की झाले पाच पिंजरे. प्रत्येकात एक नर आणि तीन माद्या. प्रलंबितचे चार कप्पे मात्र त्यांनी तसेच ठेवले. "प्रलंबितमध्ये काही ना काही येतंच," ते म्हणाले. अनुभवाचे बोल होते.

मग दिवसाला एक शिस्त आली. सकाळी सातला पाणी बदलायचं, दाणा टाकायचा, खालचे ट्रे ओढून विष्ठा खरवडायची. वास असा, की नाकात कुणी चुना भरतंय. नरांच्या बुडाशी दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस जमे आणि तो आरोग्याचं लक्षण आहे असं माहितीच्या पुस्तकात छापलं होतं. भाऊसाहेब तो कापसानं पुसत आणि कापूस हातभर लांब धरून नेत. त्या बदल्यात रोज दहा-बारा अंडी मिळत, दौत झटकल्यासारखी ठिपक्याठिपक्यांची. मग जेवण, आणि दोन ते चार झोप. ही झोप त्यांनी नोकरीतही कधी चुकवली नव्हती. तेव्हा बसून घेत, आता आडवं होऊन.

२

पहिली जखम जावकमधल्या मादीला झाली.

भाऊसाहेब झोपेतून उठून चहाआधी खोलीत डोकावले, तर ती कोपऱ्यात पत्र्याला तोंड लावून उभी. मानेमागची पिसं गेलेली, कातडी गेलेली, आणि मधोमध एक ओली, गोल, नाण्याएवढी जागा. तिथं काहीतरी आतून हलत होतं. ती गिळत होती, एवढंच. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसे, पण हे स्पष्ट दिसलं. बाकीच्या दोन माद्या त्या जागेकडे मान तिरकी करून, एकेका डोळ्यानं बघत होत्या. पाहुण्यानं ताटाकडे बघावं तशा.

भाऊसाहेबांनी चहा घेतला नाही.

खाद्यवाल्याचं दुकान चौकात होतं. दाणा, भुसा, औषधं आणि सल्ला, सगळं तो एकाच मापानं देई.

"टोचाटोची लागली म्हणा की," तो म्हणाला. "लागणारच. गरीब दिसतं म्हणून पाखरू गरीब नसतं. नर किती?"

"पिंजऱ्याला एक."

"मग उजेड जास्त असेल. दिवा कमी करा, लाल लावा. लाल उजेडात रक्त दिसत नाही. कोबीचा गड्डा टांगा मध्ये, म्हणजे चोचीला उद्योग मिळतो. रिकामी चोच वाईट. आणि जो टोचतोय तो हुडकून वेगळा काढा."

"आणि जखम?"

त्यानं फळीवरून बिनचिठ्ठीची काळी बरणी काढली. आत डांबरासारखं काहीतरी होतं. "हे थापा. जखम सुकते, आणि चव अशी, की पुन्हा कुणी तोंड लावत नाही. तुम्हीही चाटून बघू नका. एकदा जिभेला लागलं की संध्याकाळपर्यंत चहासुद्धा कडू लागतो."

"चाटून कोण बघतं हो?"

"मी बघितलंय," खाद्यवाला गंभीरपणे म्हणाला. "गिऱ्हाईक विचारतं." मग दाण्याची पिशवी बांधता बांधता त्यानं पुढचं सांगितलं. "एक ध्यानात ठेवा. एक काढला की दुसरा उभा राहतो. आणि बघाल तुम्ही, हा दुसरा बहुतेक तोच निघतो, ज्यानं सगळ्यात जास्त मार खाल्लेला असतो."

"म्हणजे आमच्या कचेरीसारखंच."

"तुमच्या कचेरीत कोबी टांगायचे का?"

"चहा द्यायचे."

३

मागच्या खोलीच्या दिव्याचं बटण खोलीबाहेर, मधल्या खोलीच्या भिंतीवर होतं. बांधणाऱ्याची चूक. भाऊसाहेबांनी वायरमनला बोलावून तिथंच उजेड कमी-जास्त करायची गोल कळ बसवून घेतली आणि लाल दिवा लावला. कळ डावीकडे फिरवली की पाखरांची फडफड विरत जाई. पाच मिनिटांत सगळी गप्प. अख्ख्या नोकरीत असं बटण एकदा हाताला लागायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. मुलगी लांब होती. बाळंतपणही तिकडेच झालं होतं, आणि नात चार महिन्यांची झाली तरी भाऊसाहेबांनी तिला पाहिलं होतं ते फोनच्या काचेत, तेही दुधाळ डोळ्यांनी. एक गुलाबी, हलणारा डाग. पुढच्या महिन्यात ती चार दिवस येणार होती.

"बाबा, पाखरं दाखवा ना," ती म्हणाली. त्यांनी कौतुकानं फोन जाळीसमोर धरला. दाखवायला नको ते नेमकं पुढे आलं.

ती म्हणाली, "बाबा, त्याच्या डोक्याचं हाड दिसतंय."

"मलम लावलंय."

"मी बाळाला घेऊन त्या घरात नाही येणार. हे थांबवा आधी. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी नात चालायला लागली असती. भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "देऊन टाकतो सगळी. खाद्यवाला परत घेईल."

ती पोळपाट पुसत होती. हात थांबला. "पाखरं कुठेही जाणार नाहीत."

"अगं, नात यायची म्हणजे—"

"नात यायची म्हणूनच म्हणते. पाखरं राहतील. रक्त काय ते थांबवा."

४

रक्त थांबवणं म्हणजे दोषी ठरवणं, आणि त्याची पद्धत भाऊसाहेबांना पाठ होती. एक वही केली. तारीख, पिंजरा, जखमीचं वर्णन, संशयित, कार्यवाही. जावकचा नर प्रथम संशयित. त्याची रवानगी प्रलंबितमध्ये. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर तपासणीतली एक मादी सोललेली निघाली. तिथला नर प्रलंबितमध्ये. मग आवक. कोबी टांगले, वाळूचा ट्रे दिला, नेलकटरनं चोचींची टोकं बोथट केली. पाखरू मुठीत धरलं की त्याचं हृदय बोटांना लागे, घड्याळ बिघडल्यासारखं, आणि चोचीचा तुकडा उडून त्यांच्या चष्म्यावर येई.

एकदा मात्र त्यांनी टोचताना प्रत्यक्ष पाहिलं. जावकमधली तीच पहिली मादी, जिची मान जाऊन आता काळ्या खपलीचं टोपण आलेलं होतं. ती शेजारणीच्या पाठीमागे गेली. घाई नाही, राग नाही. मान तिरकी केली, एका डोळ्यानं मोजलं, आणि टक. पुन्हा टक. दुसरी ओरडली नाही, नुसती जमिनीला चिकटत गेली.

खाद्यवाल्याचं म्हणणं खरं निघालं. जागा रिकामी राहत नव्हती.

प्रकृतीही बिघडली. दुपारी झोपून उठलं की तोंड कडूजहर. चहात साखर वाढवली, उपयोग नाही. दातांत कधी एखादं लवेसारखं पीस अडकलेलं. खोलीत एवढा भुसा आणि पिसं उडतात, तोंडात जाणारच. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. आणि डोळा किती दिवस टाळणार आहात?

बायको हे ऐकत होती. ती हल्ली केस मागे सैल सोडून त्यावरून पदर घेई. या वयात ही नवी तऱ्हा कशी, असं भाऊसाहेबांनी एकदा गमतीनं विचारलं होतं. ती हसली नव्हती.

५

मग त्यांनी शेवटचा उपाय केला. रॅकचे काढलेले सगळे पत्रे परत बसवले. चोवीस कप्पे, वीस पाखरं. प्रत्येक पाखरू एकटं. कुणाची चोच कुणापर्यंत पोचायचा प्रश्नच मिटला. वहीत लिहिलं: सर्व प्रकरणे स्वतंत्र केली. त्याखाली रेघ ओढली आणि समाधानानं झोपले.

चारला उठले. तोंड कडू. खोलीत गेले.

निकालीच्या दुसऱ्या कप्प्यातली मादी. डावीकडे पत्रा, उजवीकडे पत्रा, मागे पत्रा, पुढे जाळी. मानेमागे नाण्याएवढी, ओली, ताजी जागा. कडेला जुन्या मलमाचे थोडे काळे ओघळ; मधलं मलम पुसून गेलेलं.

भाऊसाहेब स्टुलावर बसले. बुद्धीनं चालणारा माणूस घाबरण्याआधी शक्यता तपासतो. जाळीला घासली असेल? जाळी तिच्या मानेच्या मागे येतच नव्हती. स्वतःच टोचून घेतलं? त्यांनी तिला मुठीत धरलं आणि दोन बोटांनी चोच हलकेच मागे वळवून पाहिली. छातीपर्यंत पोचते, पाठीपर्यंत पोचते, पंखाखाली पोचते. मानेच्या मागे नाही. कुठल्याच पाखराची पोचत नाही. आपली आपल्याला कोपराची चव घेता येत नाही, तसं.

उंदीर म्हणून पिंजरा लावला, रिकामा राहिला. मग खोलीच्या जाळीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या उशीखाली घेऊन झोपले. उठले तेव्हा किल्ली उशीखालीच होती. प्रलंबितच्या नराची मान गेली होती. पांढरा फेस आणि लाल यांचं काहीतरी गुलाबी खाली ट्रेमध्ये साचलं होतं.

"दुपारी खोलीत कोण जातं?" त्यांनी बायकोला विचारलं.

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मी नाही जात."

"मग आवाज तरी ऐकलास?"

"आवाज येतो ना."

"कसला?"

"दाराचा," ती म्हणाली. "तुम्ही डोळ्याचं करून घ्या आधी."

६

डोळ्याचं ऑपरेशन धाकट्या भावाच्या गावी होतं. भाऊसाहेब तिथं तीन दिवस राहिले. मौन सुचवणारा हा भाऊ स्वतः अखंड बोलत असे. दर अर्ध्या तासानं डोळ्यात थेंब घालायचे, म्हणून त्यानं गजर लावला होता. गजरानं आपली झोपमोड होते, दादांनी डोळा वाटीत काढून ठेवावा, एवढीच या धाकट्याची तक्रार होती. दादांना दुपारची झोप मिळाली नाही, ही दादांची.

पण तोंड कडू झालं नाही. तीन दिवसांत एकदाही नाही. भावजयीच्या चहाची त्यांनी स्तुती केली, तेव्हा ती घाबरली. "भाऊजी, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

घरी वही बायकोच्या हाती दिली होती. परत आल्यावर त्यांनी ती आधी उघडली. नव्या डोळ्याला अक्षर कोरल्यासारखं दिसत होतं. तीन दिवस, तीन ओळी, बायकोच्या शाळकरी अक्षरात: जखम नाही. जखम नाही. जखम नाही.

भाऊसाहेबांनी वहीची मागची पानं चाळली. वीस पाखरांना आळीपाळीनं काढून पाहिलं होतं. त्या घरातून एकच गोष्ट आजवर काढून पाहिली नव्हती, आणि ती आता तीन दिवस काढून झाली होती.

हा निष्कर्ष नाही, योगायोग आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. अपुऱ्या पुराव्यावर त्यांनी आयुष्यात कधी फाईल बंद केली नव्हती.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको न्हाऊन केस पुढे घेऊन वाळवत बसली होती, खिडकीकडे तोंड करून. भाऊसाहेब चष्मा शोधत आले आणि चष्म्याची गरज उरली नाही हे आठवून दारातच थांबले.

तिच्या मानेमागे, केसांच्या मुळाशी, नाण्याएवढी जागा होती. तिथं केस नव्हते. जुन्यावर नवं, नव्यावर जुनं असं कातडं चुरगळलेलं, आणि वर काळ्या मलमाचा पातळ थर.

ती वळली नाही. "दिसलं वाटतं," ती म्हणाली. "डोळे अधू होते तेच बरं होतं."

"हे कधीपासून?"

"तुम्ही घरी बसायला लागल्यापासून. दुपारचं."

"पाखरं आल्यापासून म्हणतेस का?"

"पाखरं त्यानंतर आणली मी."

ते खुर्चीत बसले. टांगलेला कोबी त्यांच्या डोळ्यांसमोर आला. मधोमध, आपल्याच वजनानं हळूहळू फिरणारा.

"अगं, मला उठवायचंस."

"उठवलं होतं एकदा. तुम्ही बघितलंत माझ्याकडे." तिनं पंच्यानं केसांचं टोक टिपलं. "एकाच डोळ्यानं. मान तिरकी करून. परत नाही उठवलं."

"आणि बोलली नाहीस इतके दिवस?"

"काय बोलायचं? आणि कुणाला?" केसांचा पंचा झटकून ती उठली. "पाखरं आल्यापासून माझ्याकडे कमी आलात. तेवढंच बरं."

ती स्वयंपाकघरात गेली. भाऊसाहेबांनी फळीवरची काळी बरणी घेतली, झाकण काढलं आणि करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावलं.

ती चव त्यांना अनोळखी नव्हती. ती त्यांना चांगली महिनाभर माहीत होती.

मोरीत जाऊन ते ओकले. पाण्यात पित्त होतं, भात होता, आणि त्या सगळ्यावर तरंगणारं एक बारीक, तपकिरी, ठिपक्यांचं पीस होतं.

८

जो टोचतो तो वेगळा काढायचा; नियम तो नियम. भाऊसाहेबांनी दोन दिवस विचार केला, म्हणजे दोन दिवस पळवाट शोधली, आणि ती नव्हती. मुलीकडे जाऊन नातीला भेटून यावं, तर दुपार तिथंही होणार. मुलीला येऊ नको म्हणावं, तर कारण काय द्यायचं? आणि ती हिशेब करून रजा काढून बसलेली.

"मागच्या खोलीत राहतो," ते जेवताना म्हणाले. "ती असेपर्यंत रात्रंदिवस. पाखरं देऊन टाक. मोरी आतच आहे, बाकी काय लागतं? बाहेरून कडी मात्र बसवून घ्यावी लागेल."

"बसवलीय," बायको म्हणाली. "तुम्ही डोळ्याला गेलात तेव्हाच."

ते उठून बघून आले. नवी कोरी कडी होती, स्क्रूही चकचकीत. नीट बसवली होती. त्यांना राग यायला हवा होता. पण काम चोख झालं की कारकुनाला राग धरता येत नाही.

खाद्यवाला खोकी घेऊन आला, पाखरं घेऊन गेला. जाताना म्हणाला, "एवढ्यात कंटाळलात?"

"माझ्याच्यानं त्यांचं काही सुधारलं नाही," भाऊसाहेब म्हणाले. हे त्यांनी वहीतही लिहिलं.

रिकाम्या रॅकसमोर त्यांची खाट लागली. वास धुऊनही गेला नव्हता. भिंतीच तो घामासारखा बाहेर टाकत होत्या. प्रलंबितची पट्टी त्यांनी खालच्या मजल्यावरून उचकटली आणि जाळीच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवली. बायकोला त्यात विनोद दिसला नाही.

मुलीला सांगायला डोळा तयार होताच. ऑपरेशनच्या डोळ्याला संसर्ग झालाय, उजेड सोसत नाही, चार दिवस बाळाला जवळ द्यायचं नाही. आठ दिवस आधीपासून कडी लागली. बायकोची मान भरून आली. आठव्या दिवशी ती जाळीपाशी पाठ करून उभी राहिली, केस बाजूला करून. जिथं ओली जागा असे तिथं कोवळी, राखाडी लव उगवली होती.

"बघा," ती म्हणाली. सुनेनं नवा दागिना दाखवावा, तशी.

तो भाऊसाहेबांच्या नव्या डोळ्यानं पाहिलेला सगळ्यात चांगला देखावा होता.

९

नात आली. मुलीनं तिला जाळीसमोर धरलं. आता ती डाग नव्हती; तिला भुवया होत्या, हनुवटीला खळी होती, आणि कपाळावर आठी, थेट भाऊसाहेबांची. तिनं जाळीतून बोट आत घातलं. भाऊसाहेबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले.

"धरा ना बोट, बाबा. बोटानं काय होतंय?"

"नको. नियम म्हणजे नियम."

"कचेरी सुटली, बाबा तसेच."

"हिच्या मानेवर घामोळं उठलंय गं," आजी म्हणाली आणि नातीला आपल्याकडे घेतलं. बरणी आणली. करंगळीनं नातीच्या मानेमागे, जावळाच्या खाली, एक काळा ठिपका लावला.

"आई, काय घाण वास आहे. कसलं मलम?"

"खबरदारी," आजी म्हणाली आणि जाळीकडे बघून मान हलवली. भाऊसाहेबांनीही हलवली. नवऱ्या-बायकोचं इतकं एकमत बरेच दिवसांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी पुढच्या खोलीत आडवी झाली. प्रवासानं आणि जागरणानं मेल्यासारखी झोपली. बाळ मधल्या खोलीत, आजीपाशी सतरंजीवर. भाऊसाहेब झोपले नव्हते. या नऊ-दहा दिवसांत ते दुपारचे खाटेवर ताठ बसून राहत, गाल आतून चावत. दोन वाजले. आजी काहीतरी गुणगुणत थोपटत होती. गुणगुणणं मंदावलं, तिचा श्वास जड झाला. तीही झोपली.

मग ती उठून बसली.

जाळीतून तिची पाठ दिसत होती. केस वर बांधलेले, मान उघडी, कोवळ्या लवेची. बाळ तिच्या पुढ्यात, पालथं. ती वाकली. घाई नव्हती. मान हळूच डावीकडे कलली, जशी कुणी बारीक अक्षर एका डोळ्यानं वाचावं. आणि तशीच राहिली.

"अगं," भाऊसाहेब म्हणाले.

तिचं डोकं खाली गेलं. तेवढंच त्यांना दिसलं. बाकी तिच्या पाठीनं झाकलं होतं. बाळ रडलं नाही. नुसतं सतरंजीला चिकटत गेल्यासारखं त्याचं एक पाऊल सरळ झालं.

त्यांनी जाळीवर थाप मारली. ती आडवी झाली, कुशीवर वळली, आणि घोरू लागली.

१०

चारला मुलीनं चहा केला. बाळ तिच्या खांद्यावर होतं, तोंड मागे, म्हणजे मान जाळीकडे. भाऊसाहेब दाराशी उभे होते, बोटं जाळीत अडकवून. त्यांचा नवा डोळा शंभर पावलांवरची पाटी वाचू शकत होता. हे तर पाच पावलांवर होतं.

काळा ठिपका नव्हता. कडेला थोडा फासल्यासारखा राहिला होता. मधली जागा स्वच्छ होती, ओली होती, आणि तिच्या मध्यावर मोहरीएवढं लाल.

आजीनं कप तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर घातलीस ना गं?"

"दोन चमचे घातलीय, आई."

"मग मलाच काहीतरी झालंय. झोपून उठल्यापासून तोंड नुसतं कडू कडू." तिनं खालच्या ओठावरून बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं. तिनं ते बघितलं, आणि कशाचं असेल याचा विचार न करता पदराला पुसलं.

"पित्त असेल," मुलगी म्हणाली. "उद्यापासून दुपारी मीच बाजारात जाऊन येते, तुझी धावपळ नको. बाळ काय, तुझ्याजवळ शांत राहतं."

"तिला घेऊन जा," भाऊसाहेब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. सामान राहू दे."

"बाबा?"

"तिच्या मानेकडे बघ. आईच्या ओठाकडे बघ. मी नव्हतो. म्हणजे मी होतो, पण आता मी आत आहे. एक काढला की दुसरा— अगं, ज्यानं जास्त मार खाल्ला तोच— कडी काढ. कडी काढ आधी."

जाळी हलत होती. ती आपणच हलवतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. बाळ दचकून रडायला लागलं. मुलीनं त्याला छातीशी आवळलं आणि दोन पावलं मागे गेली, आजीच्या बाजूला. तिनं बापाकडे असं पाहिलं, जसं भाऊसाहेब एकेकाळी निकालीच्या दुसऱ्या कप्प्याकडे पाहत. पट्टीवरचं अक्षर तिच्याकडून उलटं दिसत असणार.

आजीनं हात पुढे केले, नात आपल्या खांद्यावर घेतली आणि मानेमागे तळवा ठेवून थोपटू लागली. चेहऱ्यावर खरी काळजी होती. तिला काहीच आठवत नव्हतं. भाऊसाहेबांनाही कधी आठवलं नव्हतं.

"उजेड सोसत नाही त्यांना," ती मुलीला हळू आवाजात म्हणाली. "तो दिवा कमी कर गं. तिथं, भिंतीवर, गोल कळ आहे बघ. डावीकडे."

"अशी?"

"आणखी. हां. आता होतील शांत. पाच मिनिटं लागतात."